चढाची लाईन

लढाई संपली आणि सरकारला एकाएकी शिपायांची फार काळजी वाटायला लागली. पलटणीच्या ज्या जमादाराने औंढे गावात येऊन लढाईसाठी जवान पोरं गोळा करून नेली होती, तोच आता लोणावळ्याच्या बाजारात टेबल मांडून बसला. बसऱ्याच्या आघाडीवरून जिवंत परत आलेल्यांनी पलटणीतून सुटल्याचा कागद घेऊन यावं, कुणाला पोलिसात, कुणाला जंगलखात्यात, कुणाला रेल्वेत जागा मिळेल, अशी गावोगाव दवंडी पिटली गेली. औंढ्यात ती ऐकून कित्येक बायांनी नवऱ्यांना आत घेतलं आणि दाराला कडी घातली. हा जमादार आला की माणसं जातात, एवढाच त्यांचा अनुभव होता. त्यांना हसण्यात अर्थ नाही.

जाहिदाने मात्र नवऱ्याला नेऊन टेबलापुढे उभं केलं. नूरमहंमद परत आला तेव्हा हातीपायी धड होता, आणि गावात त्याचं कौतुक झालं ते तेवढ्यासाठीच. पण आल्यापासून तो परड्यातल्या भिंतीला पाठ लावून बसायचा. लढाईआधी बैलगाडी हाकणारा, वाटेतल्या दर माणसाशी दोन शब्द बोलणारा हा माणूस आता हाक मारली तरी मान वळवायचा नाही. सासू उम्मेहानीने पिराचा ताईत आणून त्याच्या दंडाला बांधला, सकाळ-संध्याकाळ दुवा पढून फुंकर घातली. जाहिदाला वाटत होतं, माणूस कामाला लागला की माणसात येईल. तिचं काय चुकलं? कुठल्याही बाईला असंच वाटलं असतं.

जमादाराने कागद वाचला. त्यावर ‘चालचलन उत्तम’ असा शेरा होता. तो म्हणाला, असला थंड डोक्याचा गडीच घाटात पाहिजे. आणि नूरमहंमद खंडाळ्याच्या खाली, रेल्वेच्या घाटात, सांधेवाला म्हणून लागला.

हे काम काय असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाट उतरणारी गाडी म्हणजे फार अवघड जनावर. ब्रेक सुटले तर ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून उतारावर ठरावीक जागी रुळाला एक फाटा काढलेला होता. एक रूळ पुढे घाट उतरून जायचा, पुलावरून, दरीच्या कडेने. दुसरा उलटा डोंगरात चढायचा आणि वर मातीच्या ढिगाऱ्यात संपायचा. त्याला तिथली माणसं चढाची लाईन म्हणायची. सांधा कायम चढाच्या लायनीला लावलेला असे. गाडी सांध्याच्या अलीकडे येऊन पुरती थांबली पाहिजे, थांबल्यावर ड्रायव्हरने दोन लांब शिट्ट्या दिल्या पाहिजेत. चाकं ठप्प उभी आहेत याची खात्री झाली की मग सांधेवाल्याने दांडा ओढायचा, म्हणजे सांधा उताराकडे फिरे, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत दांडा दाबून धरायचा. सोडला की सांधा आपोआप चढाकडे. न थांबलेली गाडी चढावर जाऊन धापा टाकत उभी राहील, माणसं वाचतील. सगळं काम त्या एका गोष्टीत होतं, थांबल्याशिवाय ओढायचं नाही.

कामावर लागून महिना झाला नसेल, तेव्हा नूरमहंमदने जाहिदाला ते सांगितलं. दुपारी ओढ्यावर बैल धुताना सांगितलं, बैलाकडे बघत. लढाईत खंदकात बसलेल्या शिपायांना वर चढायचा हुकूम शिट्टीने मिळे. साहेबाने शिट्टी मारली की सगळ्यांनी एकदम वर. त्या दिवशी शिट्टी झाली, बाकीचे चढले, आणि याचे हात खंदकाच्या काठाला जे चिकटले ते सुटेनात. पाय हलेनात. वर गेलेल्यांतला एकही परत आला नाही, साहेबसुद्धा. त्यामुळे हा चढला नाही हे सांगायलाही कुणी उरलं नाही. पाठीमागून दुसरी तुकडी आली, तिला हा खंदकात एकटा सापडला. त्यांना वाटलं, एकट्याने मोर्चा राखला. म्हणून चालचलन उत्तम.

“आता शिट्टी झाली का हात तसंच व्हत्यात,” तो म्हणाला. “कुटं बोलू नगंस. पलटणीला कळलं तर फाशी द्येत्यात.”

शिट्टीने ज्याचे हात आखडतात त्याला जाहिदाने शिट्टीच्याच नोकरीवर नेऊन बसवला होता, आणि शिट्ट्या पहाटेपासून रात्रीपर्यंत. नोकरी सोडावी म्हटलं तर का सोडतोस, हा सवाल येणार. सरकारने मिळवून दिलेली जागा अशी उगाच सोडता येत नव्हती. चौकशी होईल, डॉक्टर तपासेल, कागद पलटणीत जाईल. आणि पलटण काय करते ते नूरमहंमदने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दोघंही या गोष्टीबद्दल घरात चकार शब्द काढत नसत. उम्मेहानी फुंकर घालायची आणि म्हणायची, पोरगं आता कामाला लागलंय, रंग आलाय तोंडावर. तो रंग कसला होता ते सुनेला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात निभावलं. त्याने युक्ती काढली होती. कानात कापूस कोंबायचा आणि डोळ्यांवर काम करायचं. घाटात लांबवर इंजिनाचा धूर दिसे, गाडी वळणावरून येताना दिसे, चाकं मंदावताना, थांबताना दिसत. शिट्टी कापसातून दबकी ऐकू आली की हात आखडायचे, पण जरा वेळाने सुटायचे, आणि मग तो दांडा ओढायचा. ड्रायव्हर वैतागायचे. कोंडाजी नावाचा त्याचा पाळीचा जोडीदार होता, जुना माणूस. तो म्हणायचा, नवा गडी हाय, बघून करतोय, करू द्या.

मग आषाढ लागला आणि घाटात धुकं उतरलं. ज्याने हे धुकं पाहिलंय त्याला सांगायला नको, न पाहिलेल्याला सांगून पटायचं नाही. सांध्याशेजारच्या खोपीच्या दारात उभं राहिलं तर चार हातांवरचा दांडा दिसायचा नाही. भर दुपारी कंदील लावून ठेवायचे. आता डोळ्यांचा उपयोग संपला. गाडी आली कधी, थांबली कधी, हे कानाने कळायचं, म्हणजे कापूस काढणं आलं. पहिल्याच आठवड्यात त्याने मेल इतका वेळ अडवून धरली की घाटाचे इन्स्पेक्टर ट्रॉलीवरून स्वतः आले. पारशी गृहस्थ होते, आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं, की पुन्हा मेल अडली तर नाव काढून टाकीन आणि पलटणीला लिहून विचारीन, की हा कसला माणूस तुम्ही आमच्या गळ्यात मारलात.

पलटणीला लिहीन. नूरमहंमदने हे संध्याकाळी ओढ्यावर सांगितलं तेव्हा जाहिदाला बाकी काही ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी घेऊन स्वतः जायला लागली, आणि परत न येता तिथेच खोपीत बसायला लागली. असं चालत नसे. कोंडाजीने पाहून न पाहिल्यासारखं केलं. तिचा बेत साधा होता. शिट्टी झाली की तिने जाऊन नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवायचा, वढा, आवो, वढा, असं हळूहळू म्हणत राहायचं. आणि त्याचा उपयोग होत होता. हात लवकर सुटायचे. गाड्या वेळेवर जायला लागल्या. रात्री घरी आल्यावर ती सासूच्या शेजारी पडायची आणि तिला शिट्ट्या ऐकू येत राहायच्या, पण नोकरी टिकली होती, कागद कुठे गेला नव्हता.

फक्त एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. तिने कामाची सगळी पाहणी धुक्यात केलेली. गाडी आधी थांबते, मग शिट्टी देते, हे तिला दिसलंच नव्हतं. तिला कळलं होतं ते असं, की शिट्टी झाली की ओढायचं. नूरमहंमदला वाटत होतं तिला माहीत आहे. आपल्या हाताला रोज लागणारी गोष्ट दुसऱ्याला सांगायची असते, हे माणसाच्या ध्यानात येत नाही. घराघरात हे असंच चाललेलं असतं, पण घराघरात त्यापायी माणसं दरीत जात नाहीत.

त्या दिवशी पुण्याकडून खाली जाणारी पॅसेंजर होती. दुपार टळत आली होती. धुकं असं की कंदिलाची लाल वातही नुसती डागासारखी दिसत होती. वरच्या वळणाकडून शिट्टी आली. नूरमहंमद दांड्याजवळ गेला, दोन्ही हात दांड्यावर ठेवले आणि तिथेच आखडला. जाहिदा उठून त्याच्यामागे गेली.

शिट्टी थांबली नाही. रोजच्या दोन लांब शिट्ट्या नव्हत्या त्या. आखूड, आखूड, एकीवर एक, न थांबता, आणि दर वेळी जास्त जवळून. ड्रायव्हर आपल्या गार्डाला सांगत होता की ब्रेक लागत नाहीत, तू लाव. जाहिदाला वाटलं ड्रायव्हर संतापलाय. गाडी अडली, आता साहेब येणार, आता पलटणीला लिहिणार.

“आवो, वढा,” ती म्हणाली. पाठीवर हात फिरवला. पाठ लाकडासारखी झाली होती. त्याचे डोळे धुक्यात लागले होते आणि ओठ पांढरे पडले होते. याआधी तो इतका कधीच आखडला नव्हता. तिने त्याला हलवलं. मग तिने पुढे होऊन स्वतः दांडा धरला आणि सगळा भार घालून ओढला.

दांडा हलला नाही. नूरमहंमदचे हात त्यावर होते, आणि ते हात ना ओढत होते ना सोडत होते. जणू लोखंडालाच हात फुटले होते. जमिनीला कंप जाणवायला लागला. शिट्ट्या अगदी डोक्यावर आल्या. जाहिदा रडत होती, त्याची बोटं उचकटत होती, आणि उचकटत नाहीत म्हटल्यावर तिने खाली वाकून त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तोंडात रक्ताची चव आली. हात सुटला नाही.

मग धुकं फाडून इंजिन आलं. चाकांखालून ठिणग्या उडत होत्या, तापलेल्या लोखंडाचा वास आला, डब्यांच्या खिडक्या पुसट पुसट सरकत गेल्या, आणि आतून माणसांचा ओरडा. गाडी सांध्यावरून खडखडत वळली आणि चढाला लागली. आवाज वर वर जात मंदावला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग वरून कुणीतरी मोठ्याने रडायला लागलं, आणि त्यात एक लहान मूल होतं.

कोंडाजी खालून पळत आला. सांधा पाहिला, मग चढाकडे पाहिलं.

“नूरा, वढला न्हाईस ते बेस झालं,” तो म्हणाला. “वढला असतास तर समदी पुलावरनं दरीत गेली असती.”

जाहिदाने ते ऐकलं. तिने एकदा उताराकडच्या रुळाकडे पाहिलं, जिथे धुक्यापलीकडे काही नव्हतं. आत्तापर्यंत ती जी भीती भीती म्हणत होती ती काहीच नव्हती. भीती आत्ता आली. ती खोपीच्या भिंतीला धरून उभी राहिली.

उतारू खाली यायला लागले. कुणी नूरमहंमदच्या पाया पडलं, कुणी त्याच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. एका म्हातारीने त्याच्या हातात लाडू कोंबला. हात एव्हाना सुटले होते. तो लाडू तसाच धरून उभा होता आणि कुणाकडे बघत नव्हता.

इन्स्पेक्टर ट्रॉलीवरून आले. त्यांनी सगळ्यांसमोर नूरमहंमदच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मी तुला बोललो ते परत घेतो. गाडी अंगावर येते, शिट्ट्या कानठळ्या बसवतात, अशा वेळी भल्याभल्यांचा हात दांड्याकडे जातो. हे पलटणीतल्या माणसालाच जमतं. जमादाराला मी लिहीन, पुण्याला लिहीन, की असेच लोक पाठवा. आणि आता ही जागा तुझी कायमची. या सांध्यावर तूच.

नूरमहंमद म्हणाला, “सायेब, म्या धरला न्हवता. हात सुटंना.”

इन्स्पेक्टर हसले. म्हणाले, शूर माणसं अशीच बोलतात. भोवतालची माणसंही हसली. जाहिदाने नवऱ्याचा चेहरा पाहिला. हा माणूस आता मरेपर्यंत या दांड्याजवळ उभा राहणार होता, आणि एक दिवस त्याचे हात चुकीच्या वेळी आखडणार होते, दांडा ओढलेला असताना. त्या दिवशी ती शेजारी असो की नसो.

ती साहेबाला बोलायला पुढे झाली. परक्या पुरुषाशी ती आयुष्यात दोन वाक्यं बोलली नव्हती. तिने इन्स्पेक्टरांना खोपीत यायला सांगितलं आणि ते आले, बहुधा बाईला बक्षीस हवंय असं समजून. नूरमहंमद मागोमाग आला. तिने त्याचं मनगट धरून वर केलं. दातांची खूण स्पष्ट होती आणि रक्त अजून वाळलं नव्हतं.

“ह्यो चावा म्या घेतलाय,” ती म्हणाली. “दांडा म्या वढत व्हते. मला वाटलं शिट्टी झाली का वढायचा. ह्यांचा हात सुटला असता तर गाडी म्या दरीत घातली असती. काय करायचं ते मला करा. पर ह्यांना हितनं काढा.”

इन्स्पेक्टरांनी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. रेल्वेच्या दांड्याला परक्याने हात लावला तर तुरुंग होतो हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिलाही आता कळलं होतं. त्यांनी नूरमहंमदला विचारलं, शिट्टीनेच होतं का असं? नूरमहंमदने सगळं सांगितलं. खंदक, शिट्टी, परत न आलेले, फाशी. बोलताना त्याचा आवाज हलला नाही. लपवायचं काही उरलं नाही की आवाज हलत नसावा.

साहेब खोपीच्या दारात जाऊन उभे राहिले. बाहेर उतारू अजून दुवा देत होते. ते मागे न वळता म्हणाले, पलटणीला माझं काही पत्र जाणार नाही. चौकशी झाली तर सांधा बरोबर लावलेला होता, एवढंच मी लिहीन, कारण ते खरं आहे. लोणावळ्याच्या फलाटावर मुसलमान उतारूंना पाणी देणाऱ्याची जागा आहे. शिट्ट्या तिथेही होतील. पण हातात फक्त पाण्याचा डोल असेल. उद्यापासून तिथे जा. आणि बाई, तुम्ही इथे कधी आला नव्हतात.

दोघं चालत औंढ्याला आले. उम्मेहानीला सांगितलं की बढती झाली, आणि तिने शेजारणींना गूळ वाटला.

सकाळी जाहिदा विहिरीवर गेली. शेजारची रतनबाई आणि आणखी दोघी-तिघी तिथे होत्या, काल काय झालं ते ऐकायला टपलेल्या. जाहिदाने बादली सोडली, भरली, दोर वर ओढायला लागली. तेवढ्यात डोंगराकडून सकाळच्या गाडीची शिट्टी आली, लांबची, रोजची.

तिचे हात दोरावर आखडले. बादली विहिरीच्या मध्यावर लोंबकळत राहिली. तिला दोर ओढता येईना, सोडताही येईना. रतनबाई घाबरली, तिने हात लावला, बोटं उचकटायला बघितलं, आणि मग ओरडत नूरमहंमदला बोलवायला गेली.

तो कामावर निघायच्या बेतात होता, धुतलेला सदरा घालून. धावत आला नाही, चालतच आला. तिच्या पाठीमागे उभा राहिला आणि तिच्या हातांच्या पुढे आपले हात ठेवून दोराचा भार त्याने स्वतःवर घेतला. तिच्या बोटांना हात लावला नाही.

“वढू नगंस,” तो म्हणाला. “आपसूक सुटत्यात. वाईच येळ लागतो. म्या हाय हितं.”